बाण नसलेला तक्ता: ताऱ्यांच्या जीवनक्रमाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

ताऱ्यांच्या जीवनक्रमाचं नेहमीचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं. डावीकडे तेजोमेघ, तिथून बाण काढून तारा, पुढे तांबडा राक्षसी तारा, मग वाट फुटते: वर अतिनवतारा, न्यूट्रॉन तारा, कृष्णविवर आणि खाली श्वेत बटू. गोळे साधारण एकाच मापाचे, बाणही सारख्याच लांबीचे. यातलं काहीच खोटं नाही, पण चित्रात काळ कुठेच दिसत नाही. सूर्यासारखा तारा मुख्य क्रमावर (गाभ्यात हायड्रोजन जाळण्याच्या टप्प्यात) सुमारे १००० कोटी वर्षं काढतो आणि शेवटी त्याने फेकलेलं कवच ग्रहीय तेजोमेघ म्हणून वीसेक हजार वर्षं दिसतं. चित्रात दोघांच्या वाट्याला एकेकच गोळा.

म्हणून बेत असा की मोजलेल्या ताऱ्यांवरूनच तक्ता करायचा, बाण एकही काढायचा नाही. एका ताऱ्याचं आयुष्य बघत बसणं कोणालाच शक्य नाही, पण एकदमच जन्मलेल्या ताऱ्यांचे गुच्छ आकाशात वेगवेगळ्या वयांचे मिळतात. ते वयाप्रमाणे शेजारीशेजारी मांडायचे. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंगने १९११ साली ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचे असे आलेख छापले तेव्हा कृत्तिका आणि हायडीज हेच दोन गुच्छ घेतले होते. आपणही तिथूनच सुरुवात करू: रंग आडव्या अक्षावर, तेज उभ्या.

साहित्य: गाया उपग्रहाची तिसरी आवृत्ती (जून २०२२), तक्ते हाताळायला टॉपकॅट, आलेखांसाठी पायथन, एक साधा लॅपटॉप. लॅपटॉप सोडला तर हे सगळं फुकट आहे. पैसे लागतील ते ए-शून्य कागदावरच्या छपाईला.

७ ऑक्टोबर

गुच्छांच्या आधी पार्श्वभूमी हवी, म्हणून १०० पार्सेकच्या (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) आतले सगळे तारे मागवले. अट सोपी: पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं भासणारं सरकणं, तारा जितका जवळ तितकं जास्त) १० मिलिआर्कसेकंदांहून जास्त. आलेख आला, पण विरळ आणि केविलवाणा. ओळी मोजल्या तर बरोब्बर २०००. असा गोल आकडा दिसला की शंका घ्यावी. पायथनमधून साधी क्वेरी (माहितीची मागणी) पाठवली तर गायाचा माहितीसाठा २००० ओळींवर हात आखडतो, आणि चूक झाल्याचं कुठेही सांगत नाही. तीच क्वेरी असिंक्रोनस पद्धतीने (काम रांगेत टाकून निकाल नंतर उचलायचा) पाठवली की खातं न उघडताही ३० लाख ओळींपर्यंत मिळतात.

पुढची अडचण निरपेक्ष प्रतीची, म्हणजे तारा १० पार्सेकवर असता तर जेवढा तेजस्वी दिसला असता त्या आकड्याची (आकडा मोठा तितका तारा मंद). सूत्र असं: दृश्यप्रत, अधिक पराशयाच्या लॉगची पाचपट, उणे १०. क्वेरीच्या भाषेत नुसतं ‘लॉग’ लिहिलं की ते नैसर्गिक लॉगरिथम घेतं. १० च्या पायाचं हवं असेल तर ‘लॉग१०’ असंच लिहावं लागतं. यामुळे सगळे तारे साडेसहा प्रतींनी किंवा त्याहूनही जास्त मंद झाले, आणि जितका तारा जवळचा तितका जास्त घसरला. सगळे सारखे घसरले असते तर लक्षात आलं नसतं. पट्टा विचित्र फाकलेला दिसला म्हणून पकडलं गेलं.

पडताळ्यासाठी सूर्य वापरा. गायाच्या पट्ट्यांत सूर्याची निरपेक्ष प्रत ४.६७ आणि रंग निर्देशांक (निळ्या आणि लाल पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) ०.८२ आहे. मुख्य क्रमाचा दाट पट्टा या बिंदूवरून गेला नाही तर पुढे जाऊ नका.

९ ऑक्टोबर

सगळ्या ओळी आल्या, लॉगही सुधारला. आता मुख्य क्रम आणि श्वेत बटूंच्या मधल्या जागेत धुकं पसरलंय. तिथे एवढे तारे असायला नकोत.

हे तारे खरे आहेत, पराशय खोटे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ताऱ्यांची दाटी जिथे सर्वांत जास्त तिथेच मापं बिघडतात: आकाशगंगेच्या केंद्राची दिशा, मॅजेलनचे मेघ. तिथे दोन ताऱ्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि दूरचा तारा जवळचा भासतो. प्रमाण किती असावं? गायाच्या गटाने जवळच्या ताऱ्यांची अधिकृत यादी केली तेव्हा सुमारे १२ लाख नोंदींतून चाळणी लावून १०० पार्सेकच्या आत फक्त ३,३१,३१२ ठेवल्या.

तीन गाळण्या लावल्या. पराशय त्याच्या त्रुटीच्या किमान दहापट हवा. ‘रूव’ नावाचा कॉलम १.४ च्या खाली हवा. तारा एकटाच आहे असं धरून केलेलं गणित मोजमापांशी कितपत जुळतं ते हा आकडा सांगतो. आणि निळ्या व लाल पट्ट्यांतला प्रकाश मिळून एकूण प्रकाशाशी ताळमेळ हवा. धुकं गेलं. मात्र रूवच्या गाळणीत अस्सल जोडतारेही जातात. इथे चालेल, गुच्छांत ती सरसकट लावू नये.

१२ ऑक्टोबर

लाखो ठिपके एकावर एक पडले की नुसता काळा पट्टा उरतो. ठिपके बारीक केले, अर्धपारदर्शक केले, तरी तेच. शेवटी ठिपके सोडले आणि आलेखाचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकात किती तारे ते मोजून छटा दिली. चौकोन आधी ०.१ प्रतीचे घेतले, मग ०.०२ चे.

०.०२ वर एक गोष्ट दिसली आणि त्या दिवशीचं बाकी काम राहून गेलं. मुख्य क्रमाच्या खालच्या, तांबड्या भागात, निरपेक्ष प्रत १०.२ च्या आसपास एक बारीक तिरकी चीर आहे. पट्टा तिथे तुटत नाही, फक्त विरळ होतो. ही चीर २०१८ मध्ये गायाच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा लक्षात आली. सूर्याच्या साधारण एक तृतीयांश वस्तुमानाच्या ताऱ्यांची ही जागा. याहून हलके तारे आतून संपूर्ण ढवळलेले असतात, याहून जड ताऱ्यांच्या गाभ्याभोवती न ढवळणारा थर असतो. सीमेवरच्या ताऱ्यांत हीलियम-३ साचतं, मग ढवळणीत वाटलं जातं, पुन्हा साचतं, आणि तारा किंचित फुगत-आकसत राहतो. त्यामुळे त्या जागी तारे कमी सापडतात.

चौकोन ०.१ चे ठेवले असते तर ही चीर पुसली गेली असती. तेव्हापासून एक नियम केला: तक्ता देखणा व्हावा म्हणून कुठलीही रिकामी जागा गुळगुळीत करायची नाही. जिथे तारे नाहीत तिथे ते का नाहीत, हे आधी शोधायचं.

१८ ऑक्टोबर: कृत्तिका

सर्वांत सोपा गुच्छ. तीन अंशांच्या वर्तुळातले तारे घेतले आणि निजगतीचा (तारा आकाशात दरवर्षी किती आणि कुठे सरकतो त्याचा) आलेख काढला. मधोमध परक्या ताऱ्यांचा मोठा डाग, आणि त्यापासून लांब, पूर्वेला वर्षाला २० आणि दक्षिणेला ४५ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास, एक घट्ट पुंजका. तो उचलला, पराशय ७.४ च्या आजूबाजूचा ठेवला, झालं.

अडलं ते वरच्या टोकाला. डोळ्यांना दिसणाऱ्या कृत्तिकांतले सर्वांत झगझगीत तारे गायाला नीट मोजता येत नाहीत. तिसऱ्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांची मापं तर तिच्या कुवतीबाहेरच जातात. म्हणून काही तारे गायाच्या आधीच्या हिपार्कस उपग्रहाच्या जुन्या यादीतून, त्या यादीतल्याच अंतरांसह, पोकळ वर्तुळांनी दाखवले. ते सगळे सुमारे ०.३ प्रतीने खाली बसले.

याला इतिहास आहे. हिपार्कसने १९९७ मध्ये कृत्तिकांचं अंतर सुमारे ११८ पार्सेक दिलं, बाकीच्या पद्धती १३३ च्या पुढे सांगत होत्या आणि वाद बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने १३६ मोजलं, आणि गायाही १३६ च म्हणते. ११८ आणि १३६ मधला फरक प्रतींत नेमका ०.३ येतो. जुन्या यादीतून फक्त दृश्यप्रत घ्यावी, अंतर गायाचं लावावं.

आता खालचं टोक बघा. कृत्तिकांचे हलके तांबडे तारे १०० पार्सेकवाल्या पट्ट्याच्या थोडे वर बसतात. ते अजून आकसत आहेत, मुख्य क्रमावर पोचायचेच आहेत. गुच्छाचं वय सव्वाशे दशलक्ष वर्षांच्या घरात, आणि एवढ्या काळात सर्वांत जड तारे म्हातारे व्हायला लागले तरी सर्वांत हलके अजून बाल्यातच. एकाच आलेखाच्या दोन टोकांना दोन पिढ्या दिसतात, आणि त्या एकाच दिवशी जन्मलेल्या.

एक श्वेत बटूही या गुच्छात आहे, सूर्याएवढाच जड. त्याचा मूळ तारा सूर्याच्या साधारण सहापट असावा, म्हणून तो इतक्या लवकर संपला. तक्त्यात त्याच्याभोवती गोल काढला आहे.

२६ ऑक्टोबर: हायडीज

कृत्तिकांची रीत इथे चालत नाही. यात बराच वेळ गेला.

हायडीज फक्त ४७ पार्सेकवर आहे, त्यामुळे आकाशात प्रचंड पसरलेला. सगळे तारे अवकाशात समांतर धावत असले तरी आपल्याला त्यांच्या वाटा मृगातल्या तांबड्या काक्षी ताऱ्याच्या थोड्या पूर्वेला एका बिंदूकडे मिळताना दिसतात. म्हणजे प्रत्येक ताऱ्याची निजगती वेगळी. निजगतीच्या आलेखात पुंजका न येता लांबट फरकाटा येतो, आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढलं की निम्मे सभासद बाहेर आणि परके आत.

उपाय उलटा केला. गुच्छाचा अवकाशातला वेग प्रसिद्ध आहे. त्यावरून आकाशातल्या प्रत्येक जागी सभासदाची निजगती किती असायला हवी ते काढलं, आणि प्रत्यक्ष निजगती त्यापासून सेकंदाला ३ किलोमीटरच्या आत असेल तोच तारा ठेवला. पट्टा एकदम रेखीव झाला. रोहिणी आपोआप गळाली. ती हायडीजच्या व्ही-आकारात बसलेली दिसते खरी, पण फक्त २० पार्सेकवर आहे, तिचा गुच्छाशी संबंध नाही.

अंतर प्रत्येक ताऱ्याचं स्वतःचं घ्यायचं. गुच्छाची खोली ध्यानात न घेता सगळ्यांना ४७ लावलं तर ५५ पार्सेकवरचा सभासद एक तृतीयांश प्रतीने चुकतो.

मुख्य क्रमाचं वरचं टोक इथे कृत्तिकांपेक्षा बरंच खाली तुटलेलं आहे. त्याच्या उजवीकडे चार राक्षसी तारे जवळजवळ बसलेत: गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि थीटा-१ वृषभ. मधे काहीच नाही.

२ नोव्हेंबर: एम ४४

पुष्य नक्षत्रातला गुच्छ. १८५ पार्सेक, निजगती वेगळी उठून दिसते, काम पटकन झालं. वय हायडीजच्या जवळचं, साडेसहाशे-सातशे दशलक्ष वर्षं, म्हणून दोन्ही एकाच चौकटीत ठेवले. इथेही मूठभर राक्षसी तारे आणि मधे तीच मोकळी जागा.

ही जागा म्हणजे हर्ट्झस्प्रुंगची फट. गाभ्यातला हायड्रोजन संपला की सूर्याच्या अडीचपट वस्तुमानाचा तारा काही दशलक्ष वर्षांत ही फट ओलांडतो. त्याआधी तो मुख्य क्रमावर शेकडो दशलक्ष वर्षं असतो आणि नंतर हीलियम जाळत पुन्हा शंभरेक दशलक्ष वर्षं बसून राहतो. दोन्ही गुच्छ मिळूनही राक्षसी तारे इतके थोडे, मग फट ओलांडताना कोणी सापडलं नाही यात नवल काय? फटीत फिकट करडा रंग भरून ‘इथून तारे जातात’ असं लिहावंसं वाटलं होतं. भरलं नाही.

९ नोव्हेंबर: एम ६७

सुमारे ८५० पार्सेक दूर. हायडीजचे नियम इथे उलटे करावे लागतात.

पराशय १.१५ च्या आसपास, आणि १८व्या प्रतीच्या ताऱ्याची पराशयातली त्रुटीच ०.१. प्रत्येकाला स्वतःचं अंतर दिलं तर मुख्य क्रम खाली जाताना फुलबाजीसारखा फुटतो. म्हणून सगळ्यांना गुच्छाचं एकच सरासरी अंतर लावलं. गायाचे पराशय मुळात किंचित कमी येतात (क्वेसार या अतिदूरच्या वस्तूंवरून काढलेली चूक सुमारे ०.०१७ मिलिआर्कसेकंद), ती दुरुस्तीही जवळच्या गुच्छांत नगण्य पण इथे जाणवणारी.

दुसरी अडचण गाळणीची. ‘पराशय १.०५ ते १.२५’ अशी ठरावीक खिडकी लावल्यावर अंधुक सभासद जवळजवळ सगळे गेले आणि मुख्य क्रम मधेच संपल्यासारखा दिसला. तसा तो दिसला की गुच्छात हलके तारे नाहीतच असा चुकीचा निष्कर्ष काढायला फार वेळ लागत नाही. खिडकी प्रत्येक ताऱ्याच्या त्रुटीच्या तिप्पट ठेवली तेव्हा ते परत आले. साडेअठराच्या पुढे मात्र परकेही घुसतात, म्हणून तिथे रेघ मारून थांबलो. या गुच्छातले श्वेत बटू बहुतेक विसाव्या प्रतीच्या पलीकडे आहेत, म्हणजे गायाच्या शेवटच्या टोकाला. तक्त्यात ते येणार नाहीत.

हा आलेख मात्र सगळ्यांत बोलका झाला. वय सुमारे ४ अब्ज वर्षं, सूर्याच्या जवळपास. सूर्यासारखे तारे साडेचौदाव्या प्रतीच्या आसपास मुख्य क्रमावर निवांत बसलेले. त्यांच्या जरा वर, सव्वापट वस्तुमानाला, मुख्य क्रम उजवीकडे वळतो. वळणावर लहानसा आकडा आहे: गाभ्यातला हायड्रोजन संपताना तारा थोडा आकसतो, क्षणभर निळसर होतो आणि मग फुगायला लागतो. तिथून राक्षसी ताऱ्यांपर्यंतची वाट सलग भरलेली आहे, फट नाही. हलके तारे हा टप्पा घाईने उरकत नाहीत. एम ४४ आणि एम ६७ च्या चौकटी शेजारी ठेवल्या की एवढा एकच फरक पाहून कळतं की फट वस्तुमानावर ठरते.

मुख्य क्रमाच्या वर समांतर दुसरी बारीक रेघ आहे, अंतर ०.७५ प्रत. ते जोडतारे. दोन सारखे तारे एकच ठिपका म्हणून मोजले गेले की प्रकाश दुप्पट होतो आणि दुप्पट म्हणजे ०.७५ प्रत. इथे रूवची गाळणी काढून टाकली म्हणून ही रेघ वाचली.

वळणाच्या वर डावीकडे काही निळे तारे उरलेत. गाळणीत चूक असेल म्हणून प्रत्येकाची निजगती आणि पराशय हाताने पाहिले. सभासदच आहेत. हे निळे मागासलेले तारे: जोडीदाराचं वस्तुमान ओढून घेतलं किंवा दोन तारे एक झाले, आणि वयाच्या मानाने तरुण दिसायला लागले. तक्त्याच्या कथेत ते बसत नाहीत. राहू दिले.

१७ नोव्हेंबर: समवय रेषा

ठिपक्यांवर सैद्धांतिक रेषा टाकायच्या. पाडुआच्या ‘पार्सेक’ नावाच्या संगणकी प्रारूपांच्या (अंतराच्या पार्सेकशी संबंध नाही) रेषा संकेतस्थळावरून वय आणि धातुप्रमाण (हीलियमहून जड मूलद्रव्यांचा वाटा) देऊन मिळतात.

सुरुवातीला एका ताऱ्याची उत्क्रांतीची वाट घेतली होती आणि ती गुच्छाच्या मुख्य क्रमावर बसेना. बसणारच नाही. ती वाट एकाच वस्तुमानाची, अनेक वयांची. गुच्छ एका वयाचा, अनेक वस्तुमानांचा. समवय रेषाच हवी. वळणाच्या पुढे मात्र दोन्ही जवळजवळ एक होतात, कारण राक्षसी ताऱ्यांच्या टप्प्यावर एका वयाला सापडणाऱ्या ताऱ्यांची वस्तुमानं फार थोडी वेगळी असतात.

रेषा आली, पण तिच्या टोकापासून खाली श्वेत बटूंपर्यंत आलेख चिरत जाणारी एक सरळ रेघ दिसली. फाइलमध्ये टप्प्याचा एक कॉलम असतो: ० म्हणजे मुख्य क्रमाआधी, १ मुख्य क्रम, ३ राक्षसी शाखा, ४ ते ६ हीलियम जाळणारे, असं ९ पर्यंत. ९ ची ओळ काढून टाका, रेघ जाते. त्याच कॉलमने टप्पे वेगळ्या रंगांत दाखवता आले, तेवढा फायदा झाला.

मधल्या धुळीचा हिशेब न धरता रेषा टाकली की वय चुकतं. एम ६७ ला धूळ थोडी, प्रतीत ०.११ आणि रंगात ०.०५ एवढीच दुरुस्ती. कृत्तिकांच्या बाबतीत वय वळणावरून काढण्याचा नाद सोडला: वरचे तारे मोजके, त्यातले कित्येक गरगर फिरणारे, आणि फिरण्याने रंग व तेज दोन्ही बदलतात. तिथे अंधुक ताऱ्यांत लिथियम कुठे शिल्लक आहे यावरून काढलेलं प्रसिद्ध वय घेतलं.

२५ नोव्हेंबर: गोलाकार गुच्छ

सर्वांत म्हातारी चौकट. एम ४ निवडला, कारण गोलाकार गुच्छांत तो आपल्याला फार जवळचा, ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारी. आणि तिथेच फसलं. त्या भागात धुळीचे ढग आहेत आणि धूळ जागोजागी कमी-जास्त. सगळ्यांना एकच दुरुस्ती लावली की राक्षसी शाखा जाडजूड आणि फराटलेली येते. जागेप्रमाणे धूळ मोजून सुधारता येतं, पण ते वेगळंच काम झालं असतं. एम ४ सोडला.

त्याऐवजी एनजीसी ६३९७. अंतर सुमारे अडीच हजार पार्सेक, धूळ मध्यम पण बरीच सारखी. मधल्या दाटीत गायाचे निळे-लाल प्रकाश मिसळतात, म्हणून गाभ्याचा भाग वगळला आणि बाहेरच्या ताऱ्यांवर काम भागवलं. वळण सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाला. सूर्याएवढे जन्मलेले तारे इथे केव्हाच संपलेत.

मुख्य क्रम एम ६७ च्या डावीकडे सरकलेला दिसला तेव्हा धुळीची दुरुस्ती दोनदा झाली असावी असं वाटलं. तसं नव्हतं. या गुच्छात जड मूलद्रव्यं सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी आहेत, आणि असे तारे त्याच वस्तुमानाला जास्त तप्त आणि निळे असतात.

३ डिसेंबर

तक्त्यात अतिनवतारा कुठे, असा प्रश्न कच्ची प्रत पाहणाऱ्या प्रत्येकाने विचारला. कुठेच नाही. १०० पार्सेकच्या आत ओ वर्गाचा (सर्वांत तप्त आणि जड) एकही तारा नाही, काक्षी गायाला फार तेजस्वी, आणि हिपार्कसचे रंग गायाच्या रंगांत बदलून मिसळले तर वरचा भाग निव्वळ अंदाजावर उभा राहतो. वरचा कोपरा रिकामा ठेवून तिथे एकाच ताऱ्याची टीप लिहिली. सँड्युलीक -६९ २०२, मोठ्या मॅजेलनी मेघातला निळा महाराक्षसी तारा. जुन्या छायाचित्रांत तो होता. २३ फेब्रुवारी १९८७ ला त्याच्या गाभ्यातून निघालेले दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या तीन यंत्रांत नोंदले गेले, आणि मग तो फुटताना दिसला. आधीचा आणि नंतरचा दोन्ही माहीत असलेले तारे फार थोडे.

दुसरा गैरसमज जास्त त्रासाचा. लोक मुख्य क्रम वरून खाली वाचतात, जणू तारा त्यावरून घसरत जातो. यात त्यांचा दोष नाही. हर्ट्झस्प्रुंगबरोबर या आलेखाला ज्याचं नाव आहे त्या रसेललाही सुरुवातीला तसंच वाटायचं. उपाय म्हणून मुख्य क्रमाच्या कडेने सूर्याच्या पटीत वस्तुमानं लिहिली: ५, २, १, ०.५, ०.२. वस्तुमानाचे आकडे दिसले की लोक ती वाट समजत नाहीत.

८ डिसेंबर: काळाची पट्टी

तक्त्याच्या खाली काळ मोजपट्टीने दाखवायचा. प्रमाण: १ मिलिमीटर म्हणजे १ कोटी वर्षं.

सूर्याचा मुख्य क्रम १ मीटर. ए-शून्याची लांब बाजू ११८९ मिलिमीटर, त्यात बसतो. गाभ्यात हीलियम जाळण्याचा काळ सुमारे १ सेंटिमीटर. ग्रहीय तेजोमेघ २ मायक्रॉन, म्हणजे छपाईच्या कुठल्याही ठिपक्याहून बारीक. सूर्याच्या २५ पट ताऱ्याचं सबंध आयुष्य, जन्मापासून स्फोटापर्यंत, ०.७ मिलिमीटर, त्यातला सिलिकॉन जाळण्याचा शेवटचा टप्पा एका दिवसाचा. आणि सूर्याच्या दशांश वस्तुमानाच्या ताऱ्याला काही लाख कोटी वर्षं, म्हणजे कित्येक शे मीटर कागद.

लॉग प्रमाण वापरून सगळं एका ओळीत बसवता येतं. करून पाहिलं. सगळे टप्पे पुन्हा सारख्याच लांबीचे झाले आणि नेहमीचं बाणांचं चित्र परत आलं. काढून टाकलं. ०.७ मिलिमीटरची रेघ तशीच छापायची, तिचं नाव शेजारी मोठ्या अक्षरांत. २ मायक्रॉनसाठी फक्त नाव. हलक्या ताऱ्याची पट्टी कागदाच्या कडेपर्यंत नेऊन तोडली आहे आणि उरलेली लांबी आकड्यात लिहिली आहे.

१४ डिसेंबर: छपाई

काळी पार्श्वभूमी पडद्यावर छान दिसते. कागदावर शाई इतकी बसली की कागद लाटा मारायला लागला आणि बारीक पांढरे ठिपके शाईत बुडाले. मुख्य क्रमातली ती चीर, जोडताऱ्यांची रेघ, दोन्ही गायब. हा छपाईचा खर्च पूर्ण वाया. पांढऱ्या कागदावर गडद छटा, असं उलटं केलं.

रंगपट्टीही बदलली. इंद्रधनुषी पट्टीत सूर्याजवळचे तारे हिरवे आले, आणि हिरवा तारा कोणी पाहिलेला नाही. निळसर, पांढरा, पिवळट, नारिंगी एवढंच ठेवलं. अगदी हलके तारेही नारिंगीच, रक्तासारखे लाल नाहीत. ठिपका ०.३ मिलिमीटरच्या खाली नको, आणि उभा अक्ष उलटा असल्याची खूण मोठी हवी: प्रतीचा आकडा खाली वाढतो हे नवख्याला माहीत नसतं.

२१ डिसेंबर

छापून झालं. वयाच्या रांगेत ४ अब्ज आणि सुमारे १३ अब्ज वर्षांच्या मधे मोठी उडी राहिली आहे. तिथे एनजीसी १८८ बसेल, सहा-सात अब्ज वर्षांचा. तो खगोलीय ध्रुवाजवळ, ८५ अंशांवर आहे, त्यामुळे विषुवांशाची (आकाशातल्या रेखांशाची) चौकट घालून तारे मागवू नयेत. तिथे विषुवांशाचा एक अंश आकाशात जेमतेम पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो. केंद्रापासूनचं कोनीय अंतर घेऊन वर्तुळ काढायचं. निजगतीच्या कॉलममध्ये हा आकस गायाने आधीच धरलेला आहे, तो पुन्हा गुणायचा नाही. क्वेरी लिहून ठेवली आहे, पराशय ०.५ च्या आसपास.